पलीकडच्या काठावरची सपाटी

लेह, ४ मार्च

आचे यांगडोल, जुले.

तुझं पत्र आणि वाळवलेल्या जर्दाळूंची पिशवी, दोन्ही पोचलं. तुझ्या धाकट्या भावाचे गुडघे आता जिना चढताना कुरकुरतात. निवृत्तीला चार महिने उरलेत. मोजणी खात्यात कुणी माझ्यावर नाराज नाही, याचा मला फार अभिमान होता.

नदीपलीकडच्या सपाटीवर घर बांधतेस, पुढच्या महिन्यात पाया घालणार. ‘माझ्या भावाच्या नकाशात ती जागा पाण्यापासून वीस मीटर उंच आहे, आणखी कुणाला विचारू?’ असं तू लिहिलंस. त्याला तीन दिवस झाले, उत्तर लिहवत नव्हतं.

आचे, त्या सपाटीवर मी कधी पाऊलच ठेवलं नाही.

तो नकाशा केला त्या वर्षी मोजणी लांबली आणि लोसार तोंडावर आला. मला सणाला लेहला पोचायचं होतं. आठवड्यापूर्वीच माझ्या हाताखाली कामाला लागलेले तुझे यजमान, आचो नवांग, मापपट्टी घेऊन कमरेएवढ्या गार पाण्यातून पलीकडे गेले. तेवढ्यात दुपारचा वारा सुटला, धुळीत पट्टीवरचे आकडे दिसेनात. मी थांबलो नाही. अलीकडूनच नजरेच्या अंदाजाने समोच्च रेषा ओढल्या आणि नकाशाचा कागद गुंडाळला.

ते भिजून परत आले आणि म्हणाले, “लुंडुप, रेषा खाली घे. तिथल्या जर्दाळूच्या बुंध्यावर गाळाची खूण आहे, माझ्या छातीएवढी. बर्फ वितळलं की संध्याकाळी नदी तिथवर चढते.”

मी मोजणीच्या सगळ्या माणसांसमोर म्हणालो, “आचो, तुम्ही पट्टी धरा. डोकं चालवायला मी आहे.”

सगळे हसले. सकाळी ते पट्टी ठेवून घरी निघून गेले. तुला मी सांगितलं, तुझ्या नवऱ्याला काम झेपलं नाही. तू त्यांना बावीस वर्षं ‘आठ दिवसांचा नोकरदार’ म्हणून टोमणे मारलेस. त्यांनी खरं कधीच सांगितलं नाही. शेवटच्या आजारातही ते ‘तिथे बांधू नकोस’ म्हणत होते, आणि ‘मरतानाही माझ्या भावावर जळतोय,’ असं तू मला सांगितलंस. मी मान हलवली. त्याची मला लाज वाटते.

आज खात्याला सगळं लेखी दिलंय. तू पाया थांबव. आधी त्या झाडापाशी जा, खुणेवर हात ठेव. मग घरी त्यांच्या फोटोपुढे दिवा लावताना माझं नाव घेऊन सांग, की त्यांचं माप बरोबर होतं.

अलीकडच्या काठावरच थांबलेला,
तुझा लुंडुप