हजाराने भागायचं राहिलं

प्रिय चिमे,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर लिहायला बसलो की डोळे मिटतात. पाठीचं विचारलं होतंस. पाठ आहे तशीच आहे, आता तिच्या सोबतीला मानही आली. तुझी वहिनी म्हणते, तुम्ही प्रयोगशाळेशीच लग्न लावायला हवं होतं.

मृतांच्या रक्तातल्या विषाचे, औषधांचे आमचे सगळे जुने निकाल आता नव्या डेटाबेसमध्ये चढवताहेत. आमच्यासमोर नाव नसतं, नुसता नमुना क्रमांक. तेच बरं, नाहीतर हात चालले नसते. नवा प्रोग्राम मात्र मोठा खवचट आहे. न पटणारा आकडा दिसला की ओळ लाल करतो. मंगळवारी माझ्या टेबलावर चौदा लाल ओळी आल्या, सगळ्या एकाच दिवसाच्या.

सहा वर्षांपूर्वी पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा मशीन आकडा मायक्रोग्रॅममध्ये द्यायचं आणि कॉम्प्युटरचा रकाना मिलिग्रॅमचा होता. भरण्याआधी हजाराने भागायचं. दिवसाला साठ नमुने, कंबरडं मोडायचं. त्या दिवशी एका पानावर मी भागलंच नाही, सगळे आकडे हजारपट मोठे चढले. साहेबांनी एकक न बघता कागदावरचा आकडा स्क्रीनशी ताडला, तो तंतोतंत जुळला, त्यांनी सही केली.

मी एकेक मूळ फाइल काढत गेलो. नवव्या फाइलीत पोलिसांचं पत्र होतं आणि त्यावर तुझ्या यजमानांचं नाव.

चिमे, त्यांच्या रक्तात झोपेची एकच गोळी होती, डॉक्टरांनी दिलेली, रोजची. हृदय खराब असल्याचं शवविच्छेदनातही लिहिलंय, पण आमचा आकडा बघून सगळ्यांनी आत्महत्याच धरली. "मी सकाळी त्यांना नको ते बोलले, दादा," असं तू म्हणालीस, आणि त्यानंतर कुणाशी आवाज चढवून बोललीच नाहीस. आणि मी शहाणा तुला समजावत बसलो, की जाणाऱ्याला कोण अडवणार. आठवलं की स्वतःची लाज वाटते.

चूक मी लेखी कबूल केली आहे. पंधरा दिवसांत तुला सरकारी पत्र येईल. त्यात 'सुधारित निकाल' एवढंच असेल, चूक कुणाची ते नसेल. म्हणून त्याआधी हे लिहितोय. तुझ्या बोलण्याने ते गेले नाहीत, चिमे. तो आकडा मी भरला होता. रविवारी तुझ्याकडे येतो. दार उघड, आणि मला हवं तितकं बोल.

तुझाच, अजून म्हणू देशील तर,
दादा