त्वरकाच्या नळीत राहिलेला मुहूर्ताचा कापूस

प्रति,
मा. प्रकल्प संचालक,
जड आयन त्वरक प्रकल्प,
लोहारा, जि. यवतमाळ.

अर्जदार : मुजफ्फर खान रहेमान खान, माजी फिटर, रा. दिग्रस.

विषय : सुपरवायझर श्री. कपिल यांना उद्घाटनापूर्वी मुख्य फाटकावर ब्रशने झाडण्याबाबत.

संदर्भ : फाटकावरील नोंदवही, दि. २१ नोव्हेंबर २००६, "फिटर झाडला, बाहेर काढला" ही नोंद.

महोदय,

१. अर्जदाराने दिग्रसच्या जिनिंगमध्ये बावीस वर्षे फिटरचे काम केले. कापसाचे दिवस फिरले, जिनिंगला कुलूप लागले, आणि अर्जदार आपल्या प्रकल्पात नळ्या जोडण्याच्या कामावर लागला. या नळ्यांतून जड आयन धावणार आणि त्यांपासून दुर्मिळ समस्थानिक तयार होणार, असे शास्त्रज्ञ साहेबांनी पहिल्याच दिवशी समजावले होते. नळीत हवा अजिबात चालत नाही, जोड पुसायचा तो खास कापडानेच, हेही सांगितले होते. अर्जदाराने त्याची खूणगाठ बांधली.

२. श्री. कपिल हे जिनिंगमालक बबनराव यांचे चिरंजीव. त्यांच्या घरची रीत अशी, की नवे यंत्र सुरू करण्याआधी पहिल्या वेचणीच्या कापसाने त्याचे तोंड पुसायचे. जिनिंगमध्ये ही रीत अर्जदारानेही पाळली आहे, तिथे तिने काही बिघडत नाही. परंतु दि. १८ नोव्हेंबर रोजी श्री. कपिल घरून मूठभर कापूस घेऊन आले आणि उघड्या जोडावरून फिरवू लागले. अर्जदार म्हणाला, "कपिलभाऊ, हे काही जिनिंग नाही. एक तंतू राह्यला तरी हवा शिरते." त्यावर ते म्हणाले, "तू मले कायले शिकवून राह्यला? बोल्ट कस." अर्जदाराने बोल्ट कसले. एवढी चूक त्याची आहे आणि ती तो कबूल करतो.

३. तीन दिवसांनी नळीत हवा शिरते असे निघाले. जोड उघडला, तंतू सापडला. श्री. कपिल यांनी सर्वांसमक्ष सांगितले, की हा जिनिंगचा माणूस, याच्याच अंगची रुई पडली. अर्जदाराला सदरा काढून फाटकावर उभे केले. वॉचमनने पंचवीस मिनिटे ब्रशने झाडले, दाढीसुद्धा. अर्जदाराची पत्नी रौशन डबा घेऊन समोर उभी होती. तिने तो डबा तसाच घरी नेला. तेव्हापासून दिग्रसमध्ये अर्जदाराच्या हाती कोणी पाना देत नाही. अर्जदाराला राग आहे, आणि तो कमी व्हावा अशी त्याची इच्छाही नाही.

४. सबब विनंती, की उद्घाटनाच्या सकाळी श्री. कपिल यांना त्याच जागी, सदरा काढून, पंचवीस मिनिटे उभे करावे. ब्रश तोच असावा. नवा आणल्यास मान्य नाही. झाडण्याचे काम अर्जदार स्वतः, विनामोबदला करील. श्री. कपिल यांना दाढी नाही, मिशी चालेल. बबनरावांना पहिल्या रांगेत खुर्ची द्यावी आणि चहा द्यावा. अर्जदारास नोकरी, भरपाई अथवा माफीचा कागद नको.

५. चौकशीत एक गोष्ट कोणी विचारली नाही, म्हणून अर्जदार बोलला नाही. श्री. कपिल यांनी त्या दिवशी दोन जोड पुसले होते. उघडला एकच. दुसरा आज धरून आहे. परंतु यंत्र चालू करण्याआधी आतली ओल घालवायला आपण नळी तापवाल, तेव्हा आतला तंतू जळेल आणि त्याच्या जागी पडलेल्या फटीतून हवा शिरेल. पाहुणे तेव्हा येऊन बसलेले असतील. एकूण जोड तीनशे बारा आहेत. सगळे उघडून बसवायला पाच महिने लागतात. श्री. कपिल यांना विचारून उपयोग नाही, कारण दुसरा कबूल केला की पहिलाही त्यांचाच ठरतो. ही धमकी समजू नये, बोल्ट कसणाऱ्याकडची माहिती समजावी.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा आणि काही न विसरणारा,
मुजफ्फर खान
दिग्रस, दि. ९ जानेवारी २००७

सोबत :
१) फाटकावरील नोंदीची नक्कल.
२) दुसऱ्या जोडाचा क्रमांक, बंद लिफाफ्यात. (जोडलेला नाही. सव्विसाव्या मिनिटाला हातात मिळेल.)