गेस्टच्या रकान्यात

नोएडा, सेक्टर ७६
१९ जानेवारी २०२५

चि. सौ. इंदुमतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि तिळाच्या वड्या दोन्ही एकदमच पोचली. वड्यांचा पार चुरा झाला होता, पण सुधन्वाने तो चमच्याने खाल्ला आणि डबा रिकामा करून मावशीची तारीफ केली. मैत्रेयीने शिवलंही नाही, तिचं डाएट चालू आहे. सून चांगली आहे गं, फक्त जेवत नाही.

इथे येऊन दोन महिने झाले. अकराव्या मजल्यावरून खालची माणसं दिसतात, पण ओळखू येत नाहीत. मयूर विहारला लिफ्ट नव्हती, तरी तीन मजले चढेपर्यंत चार जणी हटकायच्या. तक्रार नाही माझी. मी जिन्यात पडले आणि सुधन्वाने ते फार मनाला लावून घेतलं. आता कायमची आमच्याकडे चल म्हणाला. बत्तीस वर्षांचं घर विकायच्या कागदावर माझा हात काही चालेना. दिवाळीत तू फोनवर समजावलंस, पोराच्या शब्दावर विश्वास ठेव म्हणालीस, तेव्हा कुठे सही केली.

आता खरी गोष्ट लिहिते. काल भाजी घेऊन परत येताना गेटवरच्या गार्डने थांबवलं. भला माणूस, माझ्याच वयाचा. माताजी, कुणाकडे जायचंय, असं अदबीने विचारलं. मी इथेच राहते म्हटल्यावर त्याने त्या गेटच्या अ‍ॅपमध्ये आमचा फ्लॅट काढून दाखवला. सुधन्वा आणि मैत्रेयीच्या नावापुढे लिहिलंय रेसिडेंट. माझा फोटो गेस्टच्या रकान्यात. आणि खाली तारीख, त्या दिवशी माझा पास संपतो.

तुला ठाऊक आहे, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात मी एकोणतीस वर्षं रजिस्टर सांभाळलं. नवा क्लार्क आला की पहिल्या दिवशी मी त्याला हेच शिकवायची. व्हिजिटर भेटायला येतो, खाली सोफ्यावर बसतो, चहा पिऊन जातो. त्याला किल्ली द्यायची नाही. गेस्टला किल्ली मिळते, धुतलेली चादर मिळते, जेवण मिळतं, आपण त्याला साहेब म्हणतो. पण तो आला की त्याच ओळीत त्याच्या जाण्याची तारीख लिहून घ्यायची, नाहीतर नोंद अपुरी. रेसिडेंट म्हणजे मागच्या क्वार्टर्समधले आमचे कर्मचारी, त्यांना कधी जाणार म्हणून कुणी विचारत नसे. आपण पाहुण्याला अजून दोन दिवस राहा म्हणतो ना, तसं गेस्टला कुणी म्हणत नाही. त्याची खोली पुढच्याच्या नावावर लागलेली असते.

सुधन्वाला अजून विचारलं नाही. अ‍ॅपमध्ये आपोआप आलं असेल म्हणेल, आणि तसंच असेलही. जन्मभर रजिस्टरं तपासली, आता पोटच्या पोराचंही तपासायला बसले, हसशील मला. पण रात्री डोळ्याला डोळा नाही. तुला काय वाटतं ते खरं खरं लिही.

गुणवंतरावांना नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुझी
ताई

नोएडा (ऑफिसमधून)
२७ जानेवारी २०२५

ती. इंदुमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा फोन आला तेव्हा मीटिंगमध्ये होतो, नीट बोलता आलं नाही. आईचं पत्र तू वाचून दाखवलंस ते बरं झालं, नाहीतर मला पत्ताच लागला नसता. फोनवर आपण दोघंही रडत बसू, म्हणून लिहितोय.

ती चूक नव्हती, मावशी. तो फॉर्म मीच भरला. परदेशातली ती पर्थची नोकरी पक्की आहे हे तुला दिवाळीतच सांगितलं होतं. एक एप्रिलपासून हा फ्लॅट भाड्याने दिलाय. आईला रेसिडेंट केलं असतं तर चार महिन्यांत नाव काढायला पुन्हा अर्ज, पुन्हा सोसायटीच्या ऑफिसात चकरा. गेस्टमध्ये शेवटची तारीख टाकली की काम आपोआप होतं. मला वाटलं, तिला थोडंच दिसणार आहे! एकोणतीस वर्षं तिने काय केलं ते मी विसरलोच यार.

मी तिला फसवतोय असं मनात आणू नकोस. घराचे पैसे तिच्याच नावावर आहेत. पण मी जाणार हे आधी कळलं असतं तर ती मयूर विहार सोडायला बिल्कुल तयार झाली नसती, आणि एकटी असताना पुन्हा जिन्यात पडली असती तर? तुझ्याकडे ती सुखात राहील. फक्त आपलं ठरलंय तसं, बोलावणं तुझ्याकडून जाऊ दे. तिला वाटलं पाहिजे की तुलाच सोबत हवी आहे. ती एकदाची तुझ्याकडे यायला निघाली की मग पर्थचं सांगेन.

काकांना नमस्कार. तुझा भाचा चुकला असेल तरी त्याला तोडू नकोस.

तुझा
सुधन्वा

अमरावती
३ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. हे सर्दीने बेजार आहेत आणि शिंकताना अख्खी गल्ली उठवतात.

ताई, तू त्या गेटचं काय घेऊन बसलीस? मशीनला आई आणि पाहुणी यातलं काय कळतं? गेस्ट काय न् रेसिडेंट काय, ताटात पोळी तीच पडते ना? ३१ मार्च तर ३१ मार्च, पुढे वाढवून घेतील. पोरं कामाच्या रगाड्यात आहेत, त्यांना या कारणावरून बोलू नकोस.

खरं सांगू का, मलाच अलीकडे फार एकटं वाटतं. तू इकडेच का येत नाहीस? चार दिवसांसाठी नाही, चांगली राहायलाच ये. मागची खोली रंगवून घेतली आहे, न्हाणीघरात धरायला दांडा बसवलाय, तुझ्या गुडघ्याला बरं पडेल. आपण दोघी म्हाताऱ्या भांडत बसू. सुधन्वाला मी सांगेन, तो नाही म्हणायचा नाही.

लवकर होकार कळव. धाकटीवर लोभ कायम ठेव.

तुझी
इंदू

नोएडा
११ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. इंदुमतीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, आणि मग माझ्या पत्राची नक्कल काढून वाचली. ऑफिसची सवय, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाची मी नक्कल ठेवते. तीनदा वाचली. त्यात मी तारीख होती एवढंच लिहिलंय, कोणती ते लिहिलेलं नाही. तुझ्या पत्रात मात्र ३१ मार्च आहे.

सकाळी चहाच्या वेळी सुधन्वापुढे दोन्ही कागद ठेवले. तो पोरासारखा रडला. पर्थ, भाडेकरू, दिवाळी, सगळं सांगितलं. माझं पत्र तू त्याला फोनवर वाचून दाखवलंस तेही सांगितलं. मैत्रेयी उठून आत गेली.

तो परदेशी चाललाय याचं मला दुःख नाही. सांगितलं असतं तर मीच त्याची बॅग भरली असती, लोणचं दिलं असतं. मला जिन्यावरून उतरवायचं होतं तर हाताला धरून, भांडून उतरवायचं. मी ऐकलं नसतं म्हणतो. नसतंच ऐकलं! माझं घर होतं ते, नाही म्हणायचा मला हक्क होता. तो त्याने काढून घेतला आणि त्याला काळजी म्हणतो. आई आहे, आज ना उद्या त्याच्याशी बोलेन. आज बोलवत नाही.

तुझ्याकडे मी येणार नाही. आपली गिरिजा, माझ्या हाताखाली कामाला होती ती, मयूर विहारलाच तळमजल्यावर राहते. तिची पुढची खोली मी भाड्याने घेतली आहे. एक मार्चला जाते. तिने सगळं ऐकून घेतलं, मग इतकंच म्हणाली की किल्ली दोघींकडे एकेक राहील. तुझी खोली छान रंगवली असशील, तो दांडाही भक्कम असेल. पण ती खोली दिवाळीपासून माझी वाट बघत होती, आणि मला घर विकायला सांगताना तुला ते माहीत होतं. मुलाच्या शब्दावर विश्वास ठेव म्हणालीस. मी मुळात तुझ्या शब्दावर ठेवला होता गं.

सासूबाईंनी पहिलं वर्ष कसं काढायला लावलं, ते तुला लिहिलं. हे गेले तेव्हा तेराव्याच्या आधी तुला लिहिलं. सुधन्वा बोलेनासा झाला होता ती दोन वर्षं, सून खात नाही, गुडघा दुखतो, सगळं तुला. चाळीस वर्षं कुणी काही केलं की मी कागद घेऊन तुझ्याकडे बसत आले. हे तू केलंस, आणि सवयीने मी पुन्हा तुलाच लिहायला बसले आहे. दुसरं कुणी मी ठेवलंच नव्हतं.

ताई