दफनभूमीशेजारचा कुकर

मरीन परेड, रविवार, १४ जून २०१५

फ्रान्सहून परतून आठवडा झाला. ऑफिसात सगळे विचारतात, मोटरहोम कशी होती, सायकली चालवल्या का? मी फोटो दाखवतो. महायुद्धात सपाट झालेली आणि पुन्हा होती तशी बांधलेली गावं. प्रत्येक फोटोत माझी बायको मृणाल सायकल धरून उभी आहे. हसतेय.

मला मात्र तो कुकरच आठवतो. सैनिकांच्या दफनभूमीशेजारी गाडी लावली होती आणि मृणालने सवयीप्रमाणे आत वरणभाताचा कुकर चढवला. पहिलीच शिट्टी झाली आणि बाहेर फुलं ठेवणारी म्हातारी बाई केवढ्यानं दचकली! मृणालने घाईघाईने गॅस बंद केला. तो कच्चा भात आम्ही तसाच खाल्ला.

खाता खाता ती म्हणाली, "इथली शांतता निदान कळते, माणसं गेलीत. आपल्या घरात कसली आहे?"

एवढ्याशा गाडीत तरी दोघं बोलू, म्हणूनच तर ही ट्रिप काढली होती ना?

आज संध्याकाळी तिने सांगितलं, ती पुण्याला आईकडे जातेय. कायमची. आवाज जरासुद्धा चढला नाही. रडली नाही. मी तरी ओरडायला हवं होतं का? निदान "जाऊ नकोस" एवढं तरी? तोंड उघडणार, तोच स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

पहिलीच होती. इथे दचकणारं कुणी नव्हतं. तरी मी उठलो आणि गॅस बंद केला.