बाकाखालचा हंबीरराव

॥ श्री ॥
मल्लेश्वरम, बंगलोर
रविवार, ता. ९ ऑगस्ट १९५९

ती. अक्कास उपेंद्रचे सा. न. वि. वि.

एक कोडे घालतो. तू मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवतेस, तेव्हा उत्तर देणे तुला भाग आहे. कुत्रा दारात झोपलेला असतो. रस्त्याने शंभर माणसे जातात, टांगे जातात, तो डोळासुद्धा उघडत नाही. घरचे माणूस मात्र वळणावर येते न येते तोच हा उठून फाटकाशी हजर. हे तू पाहिले असशीलच. त्याला कळते कसे? आणि ज्याला कळत नाही अशा कुत्र्याचे काय करावे?

दुसरा प्रश्न घरगुती आहे. गेल्या महिन्यात परसातून तांब्याचा हंडा चोरीला गेला. राखणीला कुत्रा हवा असे सौ. प्रतिमाने ठरवले. म्हणून मागच्या रविवारी मी कँटोन्मेंटच्या बाजूला बेवारशी जनावरांचे आश्रयगृह आहे तिथे गेलो. तिथला रखवालदार यल्लाप्पा आपल्या खानापूरकडचा निघाला. त्याने एक तांबूस, पांढऱ्या छातीचा कुत्रा पुढे केला आणि तो स्वल्प हट्टी असला तरी गुणाचा आहे, अशी ग्वाही दिली. आधी एका घराने त्याला परत आणून सोडले होते. रीत अशी, की चार रविवार कुत्रा घरी ठेवून पाहायचा. ३० तारखेला कायमचा घ्यायचा किंवा परत करायचा.

रुबाब पाहून मी त्याचे नाव हंबीरराव ठेवले. आता पस्तावतो आहे. मी कामावरून आलो, फाटक वाजवले, जिना चढलो, पिशवी त्याच्या नाकासमोर ठेवली, तेव्हा कुठे महाराजांनी डोळे उघडले. हजारदा हाक मारली तरी ढिम्म.

अप्पांची मदत होईल असे वाटले होते, पण त्यांनी यंदाच्या चातुर्मासात दोन्ही जेवणांना आणि दिवेलागणीनंतर मौन धरले आहे. कुत्रा आणायचे ठरले त्याचा राग असावा. उरलेला वेळ व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर बसून असतात आणि हंबीरराव त्या बाकाखाली.

उत्तर लवकर धाड. लोभाची आठवण करून देत नाही, तो तू विसरत नाहीस.

तुझा,
उपेंद्र



॥ श्री ॥
बेळगाव
गुरुवार, ता. १३ ऑगस्ट १९५९

चि. उपेंद्र यास हेमलताचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. कोडे फार सुंदर आहे. उद्या सातवीच्या वर्गाला घालणार आहे.

उत्तर पायांत आहे. प्रत्येक माणसाच्या चालण्याला स्वतःचा ठेका असतो. तुझा डावा बूट लहानपणापासून घासतो. आईला तेवढ्यावरून तू आल्याचे कळत असे. कुत्र्याचा कान आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण. शंभर परक्या ठेक्यांना तो अर्थ देत नाही, म्हणून झोपून राहतो; ओळखीचा ठेका आला की उठतो. वारा अनुकूल असेल तर वासाचीही मदत होते, पण वारा रोज तुझ्या बाजूने वाहील असे नाही.

तेव्हा तुझा कुत्रा का उठत नाही, हा प्रश्न खरा मनोरंजक आहे, आणि तो रागावून सुटणार नाही. तू लिहितोस, हजारदा हाक मारली. सात दिवसांत हजार हाका मारणारा माणूस कारखान्यात जातो केव्हा? मला हा आकडा मान्य नाही. एक वही घे. त्यात हुकूम कोणता, तू कुठे उभा होतास, त्याने मानला की नाही, एवढेच लिही. मुख्य नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्यास, तर कशामुळे काय झाले ते देवालाही सांगता येणार नाही.

अप्पांच्या मौनाचे मात्र नवल वाटले. पंगतीत बोलू नका म्हणून आई आयुष्यभर त्यांच्यापुढे हरली. चाळीस वर्षे तारमास्तर असलेला हा माणूस जेवताना दिवसभरातल्या तारा सांगायचा. यंत्राची टकटक कानांनीच वाचायचे, यंत्रातून निघणारी कागदाची पट्टी कधी पाहिली नाही, याचा केवढा अभिमान.

सौ. प्रतिमेला आशीर्वाद. माझी माया तुमच्या दोघांत वाटून घ्या, अप्पांचा वाटा आधी काढून.

हेमलता



॥ श्री ॥
बंगलोर
गुरुवार, ता. २० ऑगस्ट १९५९

ती. अक्कास उपेंद्रचे सा. न. वि. वि.

तुझ्या आज्ञेप्रमाणे वही घेतली. पाच दिवस पहाटे कुत्र्याला बस, ऊठ, ये म्हणत उभा होतो. शेजारच्या घरातली मंडळी खिडकीतून पाहत होती. एवढी अब्रू खर्च करून हाती आलेला निकाल असा. समोर उभे राहून दिलेले चाळीस हुकूम, त्यांतले सदतीस मानले. पाठीमागून दिलेले चाळीस, त्यांतला एकही नाही. स्वयंपाकघरातून दिलेले वीस, तेही सगळे वाया. आवाज प्रत्येक वेळी सारखाच ठेवला होता.

निष्कर्षाला शास्त्र नको. हा कुत्रा लबाड आहे. आमच्या टेलिफोनच्या कारखान्यात असे दोघे कामगार आहेत. फोरमन समोर असला की हात चालतात, पाठ वळली की थांबतात. त्यांना मी निदान समज देऊ शकतो.

सोमवारी तर कळस झाला. हा भर रस्त्यात ऊन खात पसरलेला. मागून लॉरी आली, ड्रायव्हरने भोंगा वाजवून वाजवून गल्ली डोक्यावर घेतली, हा हलायला तयार नाही. शेवटी मीच उचलून आणला. ड्रायव्हर जे बोलला ते कानडीतही पत्रात लिहिण्यासारखे नाही आणि मराठीत तर मुळीच नाही.

ऐकतो फक्त अप्पांचे, आणि तेही अप्पा तोंडाने हाक मारत नसताना. बाकाच्या फळीवर दोन बोटे वाजवली की खालून हंबीररावांचे डोके बाहेर येते. माझा सगळा उपदेश वाया, यांची दोन बोटे पुरेशी.

तेव्हा ३० तारखेला मी त्याला परत नेणार. यल्लाप्पाला विचारले. दोन घरांनी परत केलेला कुत्रा तिसऱ्या घरी देत नाहीत, डॉक्टर सुई देऊन संपवतात, असे त्याने जमिनीकडे बघत सांगितले. अक्का, मी काही खाटीक नाही, दोन रात्री नीट झोपलेलो नाही. पण जो राखण करत नाही, हुकूम मानत नाही आणि उद्या लॉरीखाली जाणार, तो पोसायचा कशासाठी?

परवा संध्याकाळी अप्पा बाकावर वर्तमानपत्र वाचत होते. मी त्यांच्या पाठीमागच्या दारात उभा राहून त्यांना हे सारे सविस्तर सांगितले. मौन सुरू व्हायला तासभर होता. तरी एक शब्द नाही, मानसुद्धा वळवली नाही. मूक संमती समजलो.

रागावू नको, रागावलीसच तर पाकिटात रागावावे, पोस्टकार्ड शेजारी वाचतात.

उपेंद्र



॥ श्री ॥
बेळगाव
रविवार, ता. २३ ऑगस्ट १९५९

चि. उपेंद्र यास अनेक आशीर्वाद.

तुझी वही उत्तम आहे आणि तुझा निष्कर्ष अत्यंत वाईट. वर्गात एखाद्या मुलीने असा लिहिला असता तर बाकावर उभी केली असती.

मी सांगितले होते, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तू जागा बदललीस. पण समोर उभा होतास तेव्हा तुझे हात काय करत होते? कारखान्यात यंत्रांच्या गोंगाटात तुम्ही सारे हातांनी बोलता. गेल्या दिवाळीत इथे आलास तेव्हा लाडू पुरे म्हणतानाही तू पंजा आडवा करत होतास. बस म्हणताना हात खाली आणि ये म्हणताना हात छातीकडे, असे होत असणार. मग हंबीररावाने सदतीस वेळा कशाला मान दिला, तोंडाला की हाताला? भोंग्याने हलला नाही. फाटकाने उठत नाही. फळीवर बोटे वाजली की मात्र उठतो, आणि तो त्या फळीला टेकून झोपतो. लाकडाचा हादरा अंगाला कळतो, त्याला कान लागत नाही.

आता चाचणी कर. त्याला बाकापासून दूर, फरशीवर बसव. प्रतिमाने समोर बसून फक्त कान पाहावेत. तू मागे सहा पावलांवर उभा राहा. सावली पुढे पडू देऊ नको, पाय आपटू नको. ताटावर पळी एकदा वाजव. कुत्रा हट्टी असला तरी त्याचा कान हट्टी नसतो. आवाज पोचला की तो हलणारच.

निकाल येईपर्यंत आश्रयगृहाकडे पाऊल टाकायचे नाही. माझा राग पाकिटात घातला आहे. माया नेहमीसारखी उघडी आहे.

हेमलता



(पोस्टकार्ड)

॥ श्री ॥
बंगलोर, सोमवार, ता. २४ ऑगस्ट १९५९

चि. हेमलतेस अप्पांचे आशीर्वाद.

प्रकृती ठीक. एक काम आहे. उपेंद्रने कुत्रा पाळला आहे, गुणी आहे. गळ्यात सुतळी आहे ती बरी दिसत नाही. दिवाळीला येशील तेव्हा बेळगावच्या आपल्या चांभाराकडून चामड्याचा पट्टा करून आण. घेर चौदा इंच, मी दोरीने मोजला आहे. वाढता असावा म्हणून तीन भोके जास्त पाडायला सांग. दुपारी दोघे व्हरांड्यात असतो, वेळ चांगला जातो. इकडे सगळ्यांना बोलण्याची फार घाई असते.

प्रकृती सांभाळून असावे.

अप्पा



॥ श्री ॥
बंगलोर
गुरुवार, ता. २७ ऑगस्ट १९५९

ती. अक्कास उपेंद्रचे सा. न. वि. वि.

काल ताट वाजवले. पुन्हा वाजवले. मग प्रतिमाने पितळी परात वाजवली, तेव्हा घरमालक विचारपूस करायला वर आले. हंबीररावाचा कान तसूभर हलला नाही. मी समोर जाऊन पंजा खाली केला, तो बसला. तोंड मिटून छातीकडे हात नेला, तो आला आणि माझ्या गुडघ्याला डोके लावून उभा राहिला. ठार बहिरा आहे तो. मी शंभर वेळा त्याच्यावर ओरडलो, त्याची नोंद माझ्याच अक्षरात वहीत आहे. ती वही आता माझ्याने उघडवत नाही.

आज कामावरून तसाच कँटोन्मेंटातल्या शिवाजीनगरला उतरून यल्लाप्पाकडे गेलो. आधीच्या घरीही हेच झाले असणार म्हणून त्याने कपाळाला हात लावला, सरी, म्हणजे बरे, म्हणाला आणि रजिस्टरातून हंबीररावाचे नाव कायमचे काढून टाकले. आता तो आमचा. रस्त्यावर सुटा सोडायचा नाही आणि राखणीला परसाच्या दाराला कुलूप लावायचे, असे ठरले.

कुत्र्याचे कोडे सुटले. अप्पांचे काय करू? दिवेलागणीच्या आत घरी येऊन त्याच मागच्या दारातून त्यांना आनंदाने सांगितले, की हंबीरराव राहणार. पुन्हा तेच. पान उलटले, बस्स. कुत्रा जातो म्हटले तरी गप्प, राहतो म्हटले तरी गप्प. रेडिओ लावत नाहीत, इथल्या मराठी मंडळाच्या बैठकीला जात नाहीत. इतका कसला राग, की मुलाशी चार शब्द बोलू नयेत? अक्का, मी अगदी हात टेकले. तूच त्यांना दोन शब्द लिही. तुझ्या पत्राला ते लगेच उत्तर देतात, माझ्या तोंडाला देत नाहीत.

तुझा,
उपेंद्र



॥ श्री ॥
बेळगाव
रविवार, ता. ३० ऑगस्ट १९५९

चि. उपेंद्र यास अनेक आशीर्वाद.

हंबीररावाचे अभिनंदन. तुझेही; चूक आपल्याच अक्षरात कबूल करणारे थोडे असतात. आता शांतपणे बसून पुढचे वाच.

सोबत अप्पांचे पोस्टकार्ड धाडते आहे. तारीख पाहा, २४ ऑगस्ट. त्याच्या सहा दिवस आधी तू त्यांना सविस्तर सांगितलेस, की कुत्रा परत जाणार. आणि ते दिवाळीच्या पट्ट्याचा घेर कळवतात, वाढीसाठी तीन भोके जास्त मागतात. ज्याला ती बातमी कळली आहे असा माणूस हे कार्ड लिहील का?

तुझी पत्रे मी पुन्हा ओळीने वाचली. उत्तर तुझ्याच हातचे आहे. मागच्या दारातून सांगितले, मान वळवली नाही. पुन्हा मागच्या दारातून सांगितले, पान उलटले. रेडिओ बंद. बैठक बंद. जेवताना तुम्ही दोघे एकदम बोलता, तेव्हा मौन. दिवेलागणीनंतर समोरच्याचे ओठ दिसत नाहीत, तेव्हा मौन. मी शास्त्र शिकवते, आणि या मौनाला मीही नुसते नवल म्हणून सोडून दिले. चाळीस वर्षे ज्यांनी पट्टीकडे न बघता तारा उतरवल्या, त्यांना हे तोंडाने सांगवेल का? व्रत म्हटले की कोणी कारण विचारत नाही. पत्राला मात्र ते लगेच उत्तर देतात, कारण पत्रातले त्यांच्यापर्यंत पूर्ण पोचते.

तू दिवसाला दोनशे रिसीव्हर कानाला लावून तपासतोस. घरचा एक राहिला. माझाही राहिला, म्हणून हे टोचून लिहीत नाही.

कानाच्या डॉक्टरांकडे नेण्याचे नंतर पाहू. ते त्यांना विचारून. व्रताचा विषय काढायचा नाही. ते कार्तिकात सुटेल तेव्हा सुटेल, आणि तोवर ताटावर बसताना तुम्ही दोघांनी त्यांच्या समोर बसायचे आणि एका वेळी एकानेच बोलायचे.

चौदा इंचांचा पट्टा करायला टाकला आहे, तीन भोकांसकट. माझ्या मायेचा हिशेब दिवाळीला समक्ष.

हेमलता

ता. क. कदाचित मी चुकत असेन, म्हणून खात्री करून घे. संध्याकाळी, अजून उजेड आहे तोवर, अप्पा बाकावर पाठमोरे असताना त्यांच्या मागे सहा पावलांवर उभा राहा. बाकाला स्पर्श नको, सावली पुढे नको. ताट वाजवायचे नाही, ते तुझे वडील आहेत. नेहमीच्या आवाजात एकदाच सांग, की अक्का दिवाळीला पट्टा घेऊन येते आहे. त्यांनी मान वळवली, तर मला तसे कळव. मी आनंदाने हरेन. नाही वळवली, तर पुढे जा. त्यांच्यासमोर, हंबीररावाच्या शेजारी, जमिनीवर बस, तोंडावर उजेड येईल असा. फळीवर दोन बोटे वाजव. त्यांनी वर पाहिले, की तेच वाक्य सावकाश पुन्हा सांग.