बाथरूमवर राज्य कोणाचं?

सोमवार, ३ जुलै

आजही उशीर! प्राचार्यांनी फाटकातच गाठलं. "सर, तुमचा विषय काय हो?" म्हटलं, राजकीय विचारांचा इतिहास, प्राचीन ते आधुनिक. "मग घरून प्राचीन काळात निघत जा, म्हणजे आधुनिक काळात पोचाल!" शिपाईसुद्धा फिदीफिदी हसला. मग आवाज बदलून म्हणाले, आता एकदा जरी उशीर झाला तरी हा वर्ग शिट्टीमास्तरकडे. म्हणजे आमचा क्रीडाशिक्षक! दोन हजार वर्षांचे विचार तो पोरांकडून जोर-बैठकांसारखे काढून घेईल. माझा जीव आहे हो त्या वर्गात.

उशिराचं कारण एकच. घरात माणसं चार — मी, ही, कन्या आणि सासूबाई — आणि बाथरूम एक. सासूबाई सहाला आत जातात त्या पाऊण तास बाहेर येत नाहीत. पाण्याचा आवाज पाच मिनिटं, पुढे सगळं चिडीचूप! गेल्या वर्षी स्वतःचं घर आवरून आमच्याकडे आल्या, तेव्हापासून हे असंच. पण जावयाने सासूला काय विचारायचं? आतमध्ये काय करता?

ठरवलं. इतकी वर्षं जे शिकवतो, ते घरी वापरून बघायचं.

मंगळवार, ४ जुलै

सुरुवात प्राचीन काळापासून. राज्य ज्ञानी माणसाने करावं — चहाच्या वेळी जाहीर केलं. ही म्हणाली, "अगदी बरोबर. पण असा आहे कोण घरात?" मी विनयाने मान खाली घातली. वर केली तेव्हा तिघीही उठून गेल्या होत्या.

गुरुवार, ६ जुलै

ज्ञान गेलं खड्ड्यात. राज्यकर्त्याचा धाक हवा! गीझरचं बटण ताब्यात घेतलं. जो रेंगाळेल त्याला गार पाणी!

सासूबाई पाऊण तासाने प्रसन्न चेहऱ्याने बाहेर. "मी गारच पाणी घेते, जावईबापू. कायमचंच."

माझ्या वेळी मात्र बटण लावायला मीच विसरलो. दिवसभर शिंका. पळत सुटलो म्हणून वर्ग कसाबसा गाठला.

रविवार, ९ जुलै

धाकातून निघून करारावर आलो. सगळ्यांना बसवून समजावलं — राज्य नव्हतं तेव्हा जो तो एकमेकांच्या जिवावर उठलेला, म्हणून माणसांनी करार केला. कन्या म्हणाली, "बाबा, तू एकटाच उठलायस आमच्या जिवावर." तरी सह्या झाल्या. प्रत्येकी दहा मिनिटं! सासूबाईंनी तर सगळ्यांत आधी केली, मोठ्या हौसेने.

सोमवार, १० जुलै

पाऊण तास!!

बुधवार, १२ जुलै

सत्तेची विभागणी. कायदे ही करणार, अंमलबजावणी कन्येकडे, न्यायनिवाडा सासूबाईंकडे. मी विचारलं, "आणि मी कोण?"

"तू जनता," कन्या म्हणाली.

जनतेने लगेच सासूबाईंविरुद्ध तक्रार केली. सासूबाईंनी डोळे मिटून दोन्ही बाजू ऐकल्या आणि सासूबाईंना निर्दोष सोडलं. वर जनतेला ताकीद. विनाकारण दार वाजवायचं नाही!

शुक्रवार, १४ जुलै

क्रांती!

पाचला उठून बाथरूम काबीज केलं. कडी लावली. आंघोळ उरकून बादली पालथी घातली आणि विजयाच्या आनंदात जरा टेकलो. काय सांगू! कोणी हाक मारत नाही. कोणी "माझा चार्जर बघितलास का" विचारत नाही. बाहेरच्या टीव्हीचा आवाजसुद्धा लांबच्या गावातून आल्यासारखा. डोळा कधी लागला कळलंच नाही.

"अहो, आठ वाजले!" — ही दार बडवत होती.

संपलं सगळं. वर्ग शिट्टीमास्तरला. प्राचार्य म्हणाले, "आज काय झालं?" काय सांगणार — क्रांती झाली, आणि मीच झोपलो?

सकाळी बाथरूममधून बाहेर आलो तेव्हा सासूबाई टॉवेल घेऊन हॉलच्या कोपऱ्यात उभ्या होत्या. रागावल्या असतील म्हणून मान चुकवली, तर हळूच म्हणाल्या, "आत बरं वाटतं ना?"

शनिवार, १५ जुलै

शिट्टीमास्तर नोट्स मागतोय. मेलो तरी देणार नाही!

रविवार, १६ जुलै

दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना. आत बरं वाटतं ना? संध्याकाळी सहज घरातली दारं मोजली. आमची खोली. कन्येची खोली. माझी अभ्यासिका — म्हणजे मला एकट्याला दोन! सासूबाई हॉलमध्ये दिवाणावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात. बाथरूम सोडलं, तर या घरात त्यांना आतून कडी लावता येईल असं एकही दार नाही. स्वातंत्र्यावर मी बारा तास घेतो वर्गात. बारा! लाज वाटली.

पुस्तकं हॉलमध्ये काढली, दिवाण अभ्यासिकेत नेला. हिने नुसता माझा हात धरला.

सोमवार, १७ जुलै

सहा वाजता बाथरूम रिकामं! सातला मी भांग पाडून तयार — जायला वर्गच नाही. शिट्टीमास्तर दारात हजर. देऊन टाकू म्हटलं नोट्स, पण त्या राहिल्यात आतल्या कपाटात. टकटक केली.

"थांबा जरा," सासूबाई आतून म्हणाल्या.

थांबलोय.