अर्जातला सातवा रकाना

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी घेऊन दिलेला मोबाइल तू कपाटात कपड्यांखाली झोपवून ठेवलायस, तेव्हा आपलं टपालच बरं. कर्णबधिर मुलांना शिकवता शिकवता ताईंनाही वाण लागला, असं आमचे हे म्हणाले. त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही.

माझा पाय अजून प्लास्टरमध्येच आहे, पण काठी टेकत ग्रंथालयात जाते. तिथे बसून तुझ्या गळक्या छपराचं काम मनावर घेतलंय. देणग्या देणाऱ्या फाउंडेशनांची एक ऑनलाइन सूची आमच्या ग्रंथालयानं वर्गणी भरून घेतली आहे. कोण कुणाला, कशासाठी मदत करतं, ते त्यात शोधता येतं. जेवणाच्या सुट्टीत 'कर्णबधिर', 'निवासी', 'लहान संस्था' असे शब्द टाकले. चाळत चाळत शेवटी एकच नाव उरलं, आणि ते अगदी तुझ्या शाळेच्या मापाचं.

अर्ज लगेच भरला. सातव्या रकान्यात विचारलं होतं, तुमच्यानंतर संस्था कोण सांभाळणार? खरं तेच लिहिलं, की कोणी नाही. बाई सत्तरीच्या, एकट्या, जागा संस्थेच्या मालकीची. खोटं लिहून मदत मागायची आपल्या घरात रीत नाही. आता देव पाण्यात घालून बसले आहे.

औषध वेळेवर घे. धाकटीवर जीव आहे तसाच असू दे.
तुझी,
छोटी

१९ जुलै

चि. छोटीस,
अ. उ. आ.

तुझ्या तोंडात साखर पडो. फाउंडेशनचे चिटणीस स्वतः आले. न सांगता माझ्याकडे तोंड करून सावकाश बोलतात, त्यामुळे ओठांवरचा शब्दन् शब्द वाचता येतो. इतकी वर्षं आमच्या समितीतल्या मंडळींना ते जमलं नाही. छप्पर झालंसुद्धा. आता भिंतींना रंग चाललाय आणि चौदाही पोरं हात पिवळे करून हिंडतायत.

वर्गात ते फारसे रमले नाहीत. मैदानात मात्र बराच वेळ उभे होते. मागची हद्द कुठवर, रस्ता कुठून येतो, असं विचारत होते. आमच्या स्वयंपाकीणबाईचं मत असं, की माणूस मधाचं बोट लावतोय. ती कुणाबद्दल चांगलं बोलली आहे कधी? तरी तिला त्यांनी पगारी रजा देऊन गावी पाठवलं आणि तिच्या जागी आपली माणसं आणली.

त्यांचे दोघं आपल्या समितीवर येणार आहेत. त्याचे कागद या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात करायचे. मग मी दोन महिने विश्रांती घ्यावी, असा त्यांचा आग्रह आहे. तोवर मुलांची सोय ते बघतील म्हणे.

पायाची काळजी घे, उगाच जिने चढू नकोस. आशीर्वाद आहेतच.
तुझी,
ताई

२८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कशावरही सही करू नकोस. बाकीचं मग वाच.

तुझ्या पत्रातली विश्रांती माझ्या घशाखाली उतरेना. पुन्हा ती सूची उघडली. आजवर कुणाला मदत केली, ते प्रत्येक फाउंडेशनच्या पानावर असतं. यांच्या पानावर सहा संस्था आहेत. सगळ्या लहान, निवासी, एकेकट्या म्हाताऱ्या माणसानं चालवलेल्या. आणि मदत मिळाल्याला दोन वर्षं झाली की पुढे एकीचीही नोंद कुठे नाही.

मी फोन लावत बसले. तीन नंबर बंद. चौथा उचलला तो घरं विकणाऱ्या कचेरीत. पाचवा लागलाच नाही. सहाव्या संस्थेच्या जुन्या अहवालात तिथल्या बाईंच्या घरचा नंबर होता. मी फाउंडेशनचं नाव घेतल्यावर त्यांनी आधी माझं नाव-गाव विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "आधी छप्पर केलं. मग रंग दिला. मग मला म्हणाले, बाई, आता विश्रांती घ्या." त्या परत आल्या तेव्हा दाराला दुसरं कुलूप होतं. मुलं कुठे पाठवली, ते त्या अजून विचारतायत. सातव्या रकान्यात त्यांनीही तेच लिहिलं होतं.

ताई, मी सूची चाळत होते आणि ते माझ्या अर्जातून तुला चाळत होते.

तुझा मोबाइल बंद, स्वयंपाकीणबाईचा लागत नाही. हे पहाटेच्या गाडीनं निघतायत, पत्र त्यांच्याच हाती देते. माझ्यावर रागाव, पण माझं ऐक.
तुझी,
छोटी

१२ ऑगस्ट

चि. छोटीस,
अ. उ. आ.

यजमानांनी तुला सांगितलं असेलच, तरी माझ्या हातानं लिहिते. ते पोचले त्याच्या आदल्या दिवशी मी सही केली होती.

चिटणीस अजून इथेच होते. तुझं पत्र मी त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते शांतपणे वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "बाई, तुमच्या बहिणीनं अर्ज फार खरा भरला होता. असे अर्ज क्वचित येतात." मग प्यायला पाणी मागितलं. मी दिलं.

समितीचे म्हणून मी सही केलेल्या त्या कागदांतच जागा त्यांच्या ताब्यात देऊन मुलं 'योग्य ठिकाणी' हलवणार, असं होतं. ठिकाणाचं नाव नव्हतं. जागा गेली ती गेली. पण आईबापांनी मुलं माझ्या हातात दिली होती, समितीच्या नाही. तुझ्या यजमानांनी आणि स्वयंपाकीणबाईनं, ती बिचारी निरोप मिळताच परतली, दहा जणांना दोन दिवसांत घरोघर पोचवलं. चौघांना घरच नाही. ती माझ्याजवळ आहेत. शाळेमागच्या गल्लीत परटिणीनं दोन खोल्या दिल्यात. वकील म्हणतात, भांडू, पण आशा धरू नका.

तू कपाळ बडवून घेऊ नकोस. सही माझी आहे. चाळीस वर्षांत मला कुणी 'थकलात, बसा' म्हटलं नव्हतं गं. त्या एका वाक्याला मी भुलले.

त्या फाउंडेशनचं पान सूचीवर अजून आहे का, ते बघ. असेल तर सूचीवाल्यांना आजच कळव. कुठेतरी कुणीतरी जेवणाच्या सुट्टीत अर्ज भरत असेल.

आज सकाळी गणितं चालली होती. मधेच धाकट्या मुलीनं पाटी ठेवली आणि फरशीवर तळवा टेकला. मग बाकी तिघांनीही टेकला. मी खिडकीशी गेले तर मैदानात यंत्र उतरलं होतं, आणि आपली पिवळी भिंत खाली येत होती. मला काहीच ऐकू आलं नाही. मागे वळले तर चौघंही हात तसेच जमिनीवर ठेवून, मी काय सांगते म्हणून माझ्या ओठांकडे बघत होती.

पाय बरा झाला की ये. तोवर पत्र थांबवू नकोस.
तुझी,
ताई